रक्तातलं आयएल-६ एलायझाने मोजताना: मराठवाड्यातल्या नव्या संशोधकांसाठी

एलायझा म्हणजे ठरावीक प्रथिनच पकडणाऱ्या अँटिबॉडी आणि रंग यांच्या मदतीने ते प्रथिन किती आहे हे मोजायची चाचणी. तिच्या किटच्या माहितीपत्रकात ‘रूम टेंपरेचरला दोन तास ठेवा’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या मनात २० ते २५ अंश सेल्सिअसची खोली असते. परभणीत किंवा नांदेडात मे महिन्याच्या दुपारी, नुसता पंखा असलेल्या खोलीत पारा सहज ३६-३८ वर असतो. तिथे दोन तास ठेवलेल्या प्लेटमध्ये (९६ खळग्यांचं प्लास्टिकचं छोटं ताट, खळगा म्हणजे वेल) कडेचं द्रावण उडून जातं, रंग भराभर चढतो आणि ज्यात नमुना टाकलेला नाही ते वेलसुद्धा पिवळे दिसायला लागतात. मग किट खराब निघालं असं समजून दुसरं मागवलं जातं. किट बहुतेक वेळा चांगलंच असतं. आपल्या भागात एलायझा बिघडतो तो मुख्यतः उष्णता, पाणी आणि नमुन्याच्या प्रवासामुळे. म्हणून या लेखात प्लेटपेक्षा प्लेटच्या आधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

काय मोजतोय आणि किती

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी एकमेकींना धाडलेला सांगावा. इंटरल्यूकिन-६, म्हणजेच आयएल-६, हा त्यातला एक प्रमुख. संसर्ग झाला, इजा झाली की मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आणि इतर पेशी तो सोडतात, आणि तो पोचला की यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवायला लागतं. त्याचं जनुक १९८६ साली जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळं केलं. एलायझा त्याहून जुना. स्टॉकहोममध्ये आणि नेदरलँड्समध्ये दोन गटांनी १९७१ साली तो स्वतंत्रपणे मांडला. इथे वापरायच्या एलायझात वेलच्या तळाला बसवलेली पहिली अँटिबॉडी नमुन्यातलं आयएल-६ पकडते, दुसरी त्यावर बसते, दुसरीला स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (एचआरपी हे पेरॉक्सिडेझ एन्झाइम) चिकटतं, आणि ते एन्झाइम टीएमबी या रंगहीन द्रावणाला निळं करतं. जितकं आयएल-६ जास्त, तितका रंग गडद.

निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात आयएल-६ काही पिकोग्रॅमच असतं, बहुधा पाचाच्या आत. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तीव्र सेप्सिसमध्ये (संसर्गाने सगळं शरीर बिघडतं तेव्हा) हाच आकडा हजारांत जातो. किट निवडताना सगळ्यात आधी हा पल्ला डोळ्यांसमोर ठेवा. साध्या किटमधला सर्वांत खालचा स्टँडर्ड (आयएल-६ किती आहे हे माहीत असलेलं तुलनेचं द्रावण) बऱ्याचदा ८-१० पिकोग्रॅमच्या आसपास असतो. अशा किटने निरोगी गट मोजला तर जवळपास सगळे नमुने त्या रेषेखाली जातात आणि तुलनेला काही उरत नाही. निरोगी, मधुमेही, स्थूल अशा गटांत बारीक फरक शोधायचा असेल तर हाय-सेन्सिटिव्हिटी किट घ्या. ते महाग असतं, पण एका पिकोग्रॅमच्याही खाली मोजतं. आयसीयूतल्या रुग्णांसाठी किंवा पेशींच्या कल्चरसाठी साधं किट पुरतं.

दुसरी गोष्ट प्रजातीची. मानवी आयएल-६ ची अँटिबॉडी देवणी किंवा लाल कंधारी गाईचं आयएल-६ बहुधा ओळखत नाही. परभणी-उदगीरकडे जनावरांवर काम करणाऱ्यांनी गोवंशासाठीचंच किट मागवावं. उस्मानाबादी शेळीसाठी गाईचं किट काही वेळा चालतं, पण चालतं असं गृहीत धरू नका. स्टँडर्डची भर टाकून आणि नमुना पातळ करत नेऊन तपासण्याची रीत पुढे दिली आहे, ती आधी करा.

नव्या माणसाने आधीच अँटिबॉडी चढवलेल्या पट्ट्यांचं किट घ्यावं. सुट्या अँटिबॉडींची जोडी स्वस्त पडते, पण तिथे प्लेट तुम्हीच तयार करायची: पहिली अँटिबॉडी साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर), वेलमागे १०० मायक्रोलिटर, रात्रभर, सकाळी धुऊन १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, उरलेली जागा झाकायला) ३०० मायक्रोलिटर, एक तास. पहिल्या अँटिबॉडीच्या द्रावणात बीएसए टाकू नका, नाहीतर प्लेटवर तेच जाऊन बसतं आणि अँटिबॉडीला जागा उरत नाही. चार-पाच प्लेटा हाताखालून गेल्या की मग या वाटेला जा.

परवानग्या विसरू नका. माणसांचे नमुने असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता रक्त काढण्याआधी हवी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तिथे लागू होतात. संमतीपत्र मराठीत, आणि वाचून दाखवता येईल इतक्या सोप्या भाषेत असावं.

रक्त काढण्यापासून फ्रीझरपर्यंत

पुढे कितीही निगुतीने काम केलं तरी इथे झालेली चूक दुरुस्त होत नाही.

आयएल-६ दिवसभर एकसारखं राहत नाही. त्यामुळे सगळ्यांचं रक्त एकाच वेळेला, शक्यतो सकाळी ८ ते १० मध्ये, उपाशीपोटी घ्या. जेवणानंतरच्या रक्तद्रवात चरबीमुळे दुधाळपणा येतो, तोही टळतो. स्नायूंच्या श्रमाने आयएल-६ वाढतं. दीर्घ श्रमानंतर ते कित्येक पटींनी चढतं आणि उतरायला काही तास घेतं. बीडकडच्या ऊसतोड मजुरांवर अभ्यास असेल तर फडातून आलेल्या माणसाचं रक्त आणि रात्रभर झोपून उठलेल्या माणसाचं रक्त एका तक्त्यात बसवता येणार नाही. प्रत्येकाला विचारा: गेल्या दोन आठवड्यांत ताप, सर्दी, दाढदुखी, जखम, लस? कोणती औषधं चालू आहेत? उत्तर नमुन्याच्या वहीत त्याच वेळी लिहा.

सुई २१ गेजची, दंडावरचा पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. पिस्टन जोरात ओढून किंवा सुईसकट नळीत पिचकारी मारून रक्त भरलं की लाल पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेझसारखं वागतं, आणि आपल्या एलायझाचा रंग तर पेरॉक्सिडेझवरच उभा आहे. गुलाबी झाक असलेला सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) म्हणूनच संशयित. चांगला सीरम गव्हाच्या काडाच्या रंगाचा, आरपार दिसणारा असतो.

सीरम हवा असेल तर लाल झाकणाची साधी नळी घ्या आणि ३० मिनिटं सरळ उभी ठेवून रक्त गोठू द्या. नीट गोठलं नाही तर सेंट्रिफ्यूजनंतरही सीरममध्ये तंतू तरंगतात, ते पिपेटच्या टोकात अडकतात आणि माप चुकतं. प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) हवा असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, तिच्यातलं ईडीटीए रक्त गोठू देत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेटचं द्रावण असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणजे नमुना आधीच पातळ झालेला. गाव लांब असेल तर ईडीटीए बरी, गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र एका अभ्यासात सीरम तर सगळ्यांचा सीरम, प्लाझ्मा तर सगळ्यांचा प्लाझ्मा.

नळीतल्या मोनोसाइट पेशी जिवंत असतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत ती नळी तीन तास राहिली तर त्या पेशी तिथेही आयएल-६ सोडत राहू शकतात, आणि नळीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन शिरलं असेल तर फारच. मग तुम्ही मोजता ते रुग्णाचं नाही, डिकीतलं. म्हणून नियम असा: रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत पेशी वेगळ्या करायच्या, आणि जिथे रक्त काढलं तिथेच. किनवटहून नांदेडला यायला तीनेक तास लागतात. तिथल्याच दवाखान्यातल्या प्रयोगशाळेचं साधं सेंट्रिफ्यूज वापरण्याची परवानगी आधी घेऊन ठेवा. रक्ताची नळी बर्फाला थेट टेकवू नका; गारठ्याने रक्त गोठायचं लांबतं, आणि कडेचं रक्त बर्फासारखं झालं की लाल पेशी फुटतात.

सेंट्रिफ्यूज १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर), १५ मिनिटं. साध्या यंत्रावर जी लिहिलेलं नसतं, फक्त आरपीएम (मिनिटाला फेरे) असतं. हिशोब असा: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या म्हणजे मधल्या दांड्यापासून नळीच्या बुडापर्यंतचं अंतर, नळी आडवी झालेली धरून. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३००० आरपीएमला १००६ जी येतं. १६ सेंटिमीटर असेल तर त्याच आरपीएमला १६१०. फूटपट्टी लावून एकदा मोजा आणि यंत्रावर चिकटवून टाका.

वरचा द्रव पिपेटने घेताना टोक पृष्ठभागाच्या थोडंच खाली ठेवा आणि द्रव उतरेल तसं खाली न्या. पेशींच्या थरावर चार-पाच मिलिमीटर राहू द्या. शेवटचा थेंब काढायच्या लोभाने पांढऱ्या पेशी आत येतात. २५० मायक्रोलिटरच्या तीन-चार कुप्या भरा. जोडीने मोजायला १०० अधिक १०० लागतात, ५० टोकाला-कुपीला चिकटून जातात. एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही, म्हणूनच छोट्या कुप्या. कुपीवरचा साधा मार्कर दव धरला की पुसला जातो. अल्कोहोलला दाद न देणारा मार्कर वापरा आणि क्रमांक झाकणावर नाही, अंगावर लिहा, झाकणं बदलतात.

वेगळा केलेला सीरम जेल पॅक घातलेल्या थर्मोकोलच्या डब्यात, २ ते ८ अंशांवर त्याच दिवशी आणता येतो. महिन्याभराच्या आत मोजणार असाल तर उणे २० चालेल, त्यापुढे उणे ८०. वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर बराच वेळ थंडी धरतो, रिकामा फार लवकर तापतो. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. वीज किती वाजता गेली, आली आणि आल्यावर तापमान किती होतं, हे दारावर लावलेल्या कागदावर लिहायची सवय सगळ्यांना लावा.

पाणी आणि बफर

बोअरचं पाणी जड, टँकरच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची) पावडर. दोन्ही एलायझाला चालत नाहीत, आणि घरगुती आरओवर भिस्त ठेवू नये. बॅटरीच्या दुकानातलं ‘डिस्टिल्ड वॉटर’ कशातून आलंय याचा भरवसा नसतो. काचेच्या यंत्रातलं ऊर्ध्वपातित किंवा अतिशुद्ध पाणी घ्या. क्लोरीन आहे का हे किटमधल्याच टीएमबीने कळतं: स्वच्छ नळीत १०० मायक्रोलिटर पाणी आणि तेवढंच टीएमबी, दहा मिनिटं अंधारात. निळसर झालं तर ते पाणी वापरू नका. टीएमबीला निळं व्हायला एन्झाइमच लागतं असं नाही, क्लोरीनही पुरतो. बफरच्या बाटल्या ब्लीचने धुतल्या असतील तरी हेच होतं.

पीबीएस स्वतः करायचं असेल तर एक लिटरला सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.४४, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४, पीएच ७.४. वॉश बफरसाठी (प्लेट धुवायला) त्यात ट्वीन-२० हे साबणासारखं द्रव्य ०.०५ टक्के, म्हणजे लिटरला ०.५ मिलिलिटर. ट्वीन मधासारखं घट्ट असतं. टोक कात्रीने कापून रुंद करा, सावकाश ओढा, बाहेरचं पुसा आणि बफरमध्ये सोडल्यावर वर-खाली करून टोक धुऊन घ्या.

एका धुण्याला ९६ × ०.३ म्हणजे साधारण २९ मिलिलिटर लागतात; चार धुणी, तीन वेळा, म्हणजे सुमारे ३५० मिलिलिटर. अर्धा लिटर करा. किटमधलं २० पट घट्ट बफर असेल तर २५ मिलिलिटर अधिक ४७५ पाणी. त्यात खडे दिसत असतील तर कोमट पाण्यात बाटली धरून आधी विरघळवा.

टिकावं म्हणून बफरमध्ये सोडियम अझाइड टाकण्याची काही प्रयोगशाळांत पद्धत आहे. इथे ते चालणार नाही. अझाइड एचआरपी एन्झाइम बंद पाडतं आणि पूर्ण प्लेट कोरी राहते.

प्लेटचा दिवस

सकाळी आठला सुरू करा. नमुन्याला दोन तास, दुसऱ्या अँटिबॉडीला एक-दोन तास, स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपीला २०-३० मिनिटं, रंगाला २०. धुणी धरून पाच तास जातात. वेळा किटप्रमाणे थोड्या बदलतात, त्या किटच्याच पाळायच्या. उन्हाळ्यात एकच्या आत आटोपतं ते बरं.

एसी असेल तर तासभर आधी २४ वर लावून ठेवा, टेबलावर थर्मामीटर ठेवा, आणि प्लेट एसीच्या झोतात ठेवू नका. एसी नसेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा वनस्पतिशास्त्र विभागातलं बीओडी इन्क्युबेटर मागा. ते थंडही करतं, २५ वर लावलं की काम झालं. साधं इन्क्युबेटर फक्त तापवतं, त्याला मे महिन्यात २५ वर आणता येत नाही. कूलरने खोली पुरेशी उतरत नाही आणि धूळ उडते.

फ्रीजमधलं किट अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. पट्ट्यांचं फॉइलचं पाकीट थंड असताना फाडू नका, आत दव धरतं. थंड टीएमबीने रंग संथ येतो. स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी मात्र लागेल तेव्हाच काढा, उजेडापासून जपा, आणि कधीही गोठवू नका.

प्लेटला ए ते एच आठ ओळी, बारा स्तंभ. पहिल्या दोन स्तंभांत सात स्टँडर्ड आणि तळाला कोरा (नमुना नसलेला, फक्त द्रावणाचा), जोडीने: १६ वेल. दोन कंट्रोल (प्लेट नीट चालली का हे पाहायचे ठरलेले नमुने) जोडीने: ४. उरले ७६, म्हणजे ३८ नमुने. नकाशा कागदावर आधी काढा आणि रुग्ण-निरोगी मिसळून मांडा. रुग्ण सगळे एका प्लेटवर आणि निरोगी दुसरीवर ठेवले तर फरक आजाराचा की प्लेटचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. एकाच माणसाचे उपचाराआधीचे आणि नंतरचे नमुने एकाच प्लेटवर हवेत.

स्टँडर्ड हीच तुमची फूटपट्टी. समजा कुपीत किटमधलं पातळ करायचं द्रावण १ मिलिलिटर टाकल्यावर ६००० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. झाकण उघडण्याआधी कुपी हलकेच आपटून पावडर तळाला आणा. द्रावण कडेने सोडा, १५ मिनिटं ठेवा, हळू गोल फिरवा. फेस येऊ देऊ नका. त्यातलं १०० मायक्रोलिटर घेऊन ९०० मायक्रोलिटर द्रावणात: ६०० पिकोग्रॅम. आता सहा नळ्यांत ५०० मायक्रोलिटर द्रावण भरून ओळीने लावा. ६०० मधून ५०० पहिलीत, आठ-दहा वेळा वर-खाली, नवं टोक, पुढच्या नळीत ५००. आकडे उतरतात ३००, १५०, ७५, ३७.५, १८.७५ आणि ९.३८. तेच टोक पुढे वापरलं तर वरच्या घट्ट द्रावणाचे थेंब खाली जातात आणि खालचे स्टँडर्ड फुगतात. मग तुमचे सगळे कमी पातळीचे नमुने खऱ्यापेक्षा कमी दिसतात. शून्याच्या नळीत फक्त द्रावण.

पिपेटवर विश्वास ठेवण्याआधी तोलून पाहा. २५ अंशांना १०० मायक्रोलिटर पाणी जवळपास १०० मिलिग्रॅम भरतं. दहा वेळा टाका आणि वजनं लिहा. ९२ आणि १०६ अशी उडी दिसली तर पिपेट दुरुस्तीला पाठवा.

सिंगल पिपेटने ८० वेल भरायला दहा-बारा मिनिटं जातात. पहिला वेल शेवटच्यापेक्षा तेवढा पुढे. नमुने आधी एका साध्या यू-तळाच्या प्लेटमध्ये त्याच नकाशाने १३० मायक्रोलिटर भरून ठेवा, मग मल्टीचॅनलने १००-१०० एका दमात हलवा. वितळलेले नमुने आधी उलटसुलट करून मिसळा, कारण वितळताना प्रथिनं तळाला बसतात. तंतू दिसला तर १०,००० जीला पाच मिनिटं फिरवा. वेलमध्ये सोडताना टोक भिंतीला टेकवा, तळाला नाही. वर चिकटपट्टी बोटाने दाबून लावा, विशेषतः कडेला.

आता धुणं. इथेच सगळ्यात जास्त प्लेटा वाया जातात. प्लेट सिंकवर (पहिल्या धुण्याला भांड्यात, ते पाणी शेवटी हायपोक्लोराइटमध्ये घालायचं आहे) एकदाच ठामपणे उलटी झटकायची. प्रत्येक वेलमध्ये ३०० मायक्रोलिटर बफर, काठोकाठ. अर्धं मिनिट थांबा, झटका. असं चार वेळा. शेवटी टिश्यूच्या जाड घडीवर उलटी आपटा, कागदावर ओला ठसा उमटेनासा होईपर्यंत, दर वेळी कोरड्या जागेवर. आपटलं की लगेच पुढचं द्रावण. कोरड्या पडलेल्या वेलमध्ये अँटिबॉडी बिघडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या हवेत कोरडं पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून पुढचं द्रावण मापून, टोकं लावून तयार ठेवा, मगच शेवटचं झटका.

टीएमबी टाकण्याआधी रीडर (वेलमधल्या रंगाची गडदता मोजणारं यंत्र) १५ मिनिटं चालू असावा आणि यूपीएसवर असावा. रंग चढत असताना वीज गेली तर परत मागे फिरता येत नाही. बाटलीतलं टीएमबी पाण्यासारखं रंगहीन पाहिजे. निळसर असेल तर टाकून द्या. लागेल तेवढंच स्वच्छ ट्रेमध्ये ओता, उरलेलं बाटलीत परत ओतू नका. १०० मायक्रोलिटर, अंधारात, १५ ते २० मिनिटं. पहिल्या काही मिनिटांतच वरचे स्टँडर्ड आकाशी होतात आणि खाली खाली फिकट होत गेलेली उतरंड दिसते. कोऱ्या वेलमध्ये निळं दिसायला लागलं तर वेळ झाली नसली तरी थांबवा. ज्या क्रमाने, ज्या अंतराने टीएमबी टाकलं त्याच क्रमाने, त्याच अंतराने ५० मायक्रोलिटर २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. निळं पिवळं होतं. हिरवट राहिलं म्हणजे नीट मिसळलं नाही, कडेला हलकी टिचकी मारा. बुडबुडा असेल तर स्वच्छ सुईने फोडा, प्लेटचं बूड पुसा आणि १५ मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरला वाचा. ५४० किंवा ५७० चं वाचन वजा केलं की ओरखड्याचा, डागाचा भाग निघून जातो.

आकडा काढणं आणि त्यावर विश्वास ठेवणं

आधी जोड्या पाहा. ०.८६ आणि ०.९० असेल तर सरासरी ०.८८ आणि सीव्ही (प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के) ३.२ टक्के, चांगलं. १० टक्क्यांच्या वर गेलं तर तो नमुना पुन्हा. कोऱ्याचं वाचन साधारण ०.१ च्या आसपास, वरच्या स्टँडर्डचं २ ते ३ मध्ये असावं. वरचा ४ ला टेकला असेल तर रीडर तिथे आंधळा झालेला असतो. पुढच्या वेळी टीएमबीची वेळ कमी करा.

एलायझाचा आलेख इंग्रजी एस सारखा वळतो. एक्सेलमध्ये सरळ रेष ओढून ०.९९ चा आर-वर्ग बघून खूश होऊ नका. त्या रेषेत वरचे आकडे सगळं वजन खाऊन जातात आणि खाली, जिथे तुमचे बहुतेक नमुने असतात, तिथे ५० टक्क्यांची चूक लपते. फोर-पॅरामीटर लॉजिस्टिक (एस-आकाराची वक्ररेषा बसवणारं सूत्र) वापरा. रीडरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असतं. नसेल तर आर (R) या मोफत मिळणाऱ्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये डीआरसी (drc) नावाचं पॅकेज आहे. मग प्रत्येक स्टँडर्डचं वाचन त्याच आलेखात घालून उलट आकडा काढा. ३७.५ च्या जागी ३० ते ४५ आलं तर ठीक, म्हणजे २० टक्क्यांच्या आत. नमुना दुप्पट पातळ केला असेल तर आलेला आकडा दोनने गुणायला विसरू नका. सर्वांत खालच्या स्टँडर्डच्या खाली गेलेल्या नमुन्याला आलेख लांबवून ३.२ असा आकडा देऊ नका, ‘९.४ पेक्षा कमी’ असं लिहा. सर्वांत वरच्याच्या पलीकडे गेला तर पातळ करून पुन्हा मोजा.

नवं किट, नवी प्रजाती, नवा द्रव (मूत्र, दूध, लाळ) असेल तर भर टाकून बघा. २७० मायक्रोलिटर नमुन्यात १००० पिकोग्रॅमचा स्टँडर्ड ३० मायक्रोलिटर टाकला की १०० ची भर पडते. नमुना मुळात ४० चा असेल तर तो पातळ होऊन ३६ होतो, म्हणून यायला हवेत १३६. आले ११८, तर परतावा ८२ टक्के. ८० ते १२० चालतं. ६० आला तर नमुन्यातलं काहीतरी अँटिबॉडीला अडवतंय. दुप्पट, चौपट पातळ करून बघा. प्राण्यांच्या बाबतीत याच्या जोडीला एक जास्त आयएल-६ असलेला त्याच प्रजातीचा नमुना पायरीपायरीने दुप्पट पातळ करत न्या. भर किटच्या स्टँडर्डची असल्याने ती सापडेलच. शेळीचं स्वतःचं आयएल-६ सापडतं का हे या उतरंडीवरूनच कळतं. प्रत्येक पायरीला आकडा निम्मा झाला पाहिजे.

संधिवाताच्या रुग्णांत अजून एक धोका. त्यांच्या रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर दोन्ही अँटिबॉडींना एकत्र बांधतो आणि आयएल-६ नसतानाही रंग येतो. पातळ केल्यावर आकडा प्रमाणात उतरला नाही तर हा संशय घ्या.

दर प्लेटला तोच एक कंट्रोल असू द्या: काही नमुन्यांचा उरलेला सीरम एकत्र करून छोट्या कुप्यांत गोठवलेला. प्लेटाप्लेटांत त्याचा सीव्ही १५ टक्क्यांच्या आत राहिला तरच आकडे एका तक्त्यात मांडा.

बिघडलं तर कुठे बघायचं

पूर्ण प्लेट कोरी: एचआरपी टाकायचं राहिलं, किंवा बफरमध्ये अझाइड. पूर्ण प्लेट पिवळी, कोऱ्यासकट: धुणं अपुरं, खोली गरम, किंवा टीएमबीत क्लोरीन. स्टँडर्ड सुरेख पण सगळे नमुने शून्य: किट दुसऱ्या प्रजातीचं, किंवा पातळी खरंच किटच्या खाली. फक्त कडेचे वेल चढे: चिकटपट्टी सैल, किंवा प्लेट थंड टेबलावरून थेट गरम इन्क्युबेटरमध्ये गेली. एकाच ओळीत सगळे आकडे कमी: मल्टीचॅनलचं एक टोक सैल बसलं; टोकं लावल्यावर द्रव ओढून आठही पातळ्या डोळ्यांच्या रेषेत धरून बघा.

आवराआवर

वापरलेल्या प्लेटमध्ये सल्फ्युरिक आम्ल आहे. त्यावर हायपोक्लोराइट ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. आम्ल असलेली प्लेट वेगळी ठेवा आणि तुमच्या संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या नियमाने द्या. नमुन्यांचा उरलेला सीरम, पहिल्या धुण्याचं पाणी यांना मात्र १ टक्का हायपोक्लोराइट, अर्धा तास, एलायझाच्या टेबलापासून दूर. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे टोकं आणि प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात.

उरलेल्या पट्ट्या सिलिका जेलच्या पुडीसकट त्याच फॉइलच्या पाकिटात घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने बंद करा आणि वर आजची तारीख टाका. उघडलेलं पाकीट किती दिवस चालतं ते किटवर छापलेलं असतं. तारखेनंतरच्या पट्ट्यांवर सरावाला बसा, रुग्णांचे नमुने त्यांवर घालू नका.